परत आलेले पेले

मंदानं पेल्यांतलं पाणी मोरीत ओतलं. मी बैठकीच्या दारात उभा होतो. तिथून तिची पाठ दिसत होती आणि आवाज ऐकू येत होता. एकेक पेला पालथा होत होता आणि पाणी फरशीवरून सरकत भिंतीच्या भोकातून बाहेरच्या नालीत जात होतं. आवाज अगदी साधा होता, पण या घरात तो मी कधी ऐकला नव्हता. वर्ध्याच्या मे महिन्यात चांगलं पाणी मोरीत कोणी टाकत नाही. आमच्या विहिरीचा तळ एप्रिलातच दिसायला लागतो. पाहुण्यांच्या पेल्यात उरलेलं पाणी तुळशीला जातं, तांदूळ धुतलेलं कढीपत्त्याला, अंघोळीचं केळीला. हा नियम मी केलेला नाही, माझ्या आईनं, म्हणजे मंदाच्या सासूनं केला, आणि मंदानं तो सासूपेक्षाही कडक पाळला. एकदा माझा मावसभाऊ हात धुऊन उरलेला तांब्या अंगणात भिरकावून मोकळा झाला, तर तिनं त्याला जेवताना दुसऱ्यांदा कढी वाढली नव्हती. आणि आज तीच बाई पदर खोचून माठातलं, वाळ्याच्या वासाचं, कोणी ओठही न लावलेलं पाणी नालीत सोडत होती.

"मंदा, तुळस तिकडं आहे," मी म्हणालो.

ती वळली नाही. "माहीत आहे मले. हे पाणी नको तुळशीले."

 चौतीस वर्षं मुलांना शिकवल्यावर माणसाला एवढं कळतं, की राग आला की आधी खडू खाली ठेवावा. माझ्या हातात खडू नव्हता, म्हणून मी दाराची कडी धरली. कडी उन्हानं तापलेली होती. मी ती सोडली नाही. आत प्रमिला शोभेची साडी बदलत होती, बाहेर ओट्यावर रूपराव मान खाली घालून बसले होते, आणि रस्त्याच्या टोकाला सेलूच्या पाहुण्यांची रिक्षा वळताना दिसत होती.

प्रमिला माझी विद्यार्थिनी, अल्लीपूरच्या रूपरावांची मुलगी. मी अल्लीपूरच्या शाळेत विज्ञान शिकवत होतो तेव्हा ती पाचवीत आली, दोन वेण्या आणि पायात भावाच्या मोठ्या चपला घालून. पुढं नागपूरला शिकली आणि आता आंध्रात, गोदावरी समुद्राला मिळते तिथल्या खाड्यांवर एका प्रयोगशाळेत काम करते. खाडीचं पाणी नावेतून भरून आणायचं आणि त्यात मुळातच जे किरणोत्सारी पदार्थ असतात, ते किती आहेत ते मोजायचं, हे तिचं काम. कोणी टाकलेले नव्हेत. खडकातून, मातीतून, पृथ्वी झाली तेव्हापासून असलेले. रूपरावांनी तिच्यासाठी सेलूचं स्थळ आणलं होतं. मुलगी गाडीनं वर्ध्याला उतरणार, सेलूही इथून जवळ, आणि मास्तरांचं घर म्हणजे शहरातलं घर, म्हणून बघण्याचा कार्यक्रम आमच्याकडं ठरला. मुलगा ओमप्रकाश, पुलगावला दारूगोळ्याच्या कोठारात कारकून. सोबत त्याची आई सुलोचनाबाई आणि काका भैय्याजी. भैय्याजींचं सेलूला दुकान आहे. लग्नाच्या वरातीसाठी गॅसबत्त्या, सतरंज्या आणि मोठी भांडी ते भाड्यानं देतात.

आमच्याकडं आधी पाणी येतं, मग बोलणं. पाहुण्यानं पाणी घेतल्याशिवाय 'कसं काय' एवढंसुद्धा विचारत नाहीत. आणि मुलगी बघायला आले असतील तर पाणी मुलगीच आणते. पोहे नंतर, नाव नंतर, शिक्षण नंतर. प्रमिलानं ताट आणलं. पितळी पेले मंदानं चिंच लावून घासले होते. त्यांच्या बाहेरच्या अंगाला दव धरलं होतं. प्रमिलानं ताट भैय्याजींसमोर धरलं, आणि भैय्याजींनी पेल्याच्या तोंडावर तळहात आडवा धरला.

"राहू दे बाई. आत्ताच स्टँडवर उसाचा रस पेलो."

"मले तर उन्हातून आल्यावर पानी चालतच नाई," सुलोचनाबाई म्हणाल्या आणि पदरानं वारा घेऊ लागल्या. ओमप्रकाशनं पेला उचलला. उचलला हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. मग त्यानं आईकडं पाहिलं आणि पेला तसाच तिपाईवर ठेवला. दव पुसल्या गेलेल्या जागी त्याच्या चार बोटांचे ठसे राहिले.

तो तळहात. सगळी दुपार तो तळहातच माझ्या डोळ्यांसमोर होता. असा अंतर राखणारा हात मी आधी कुठं पाहिला होता ते मला लगेच आठवलं नाही. मी सहा-सात वर्षांचा असेन. तानाबाई म्हणून एक म्हातारी आमच्याकडं सरपण आणायची. भारा टाकला की अंगणाच्या कडेला उकिडवी बसायची आणि ओंजळ करायची. आई तांब्या घेऊन यायची आणि हात उंच धरून वरून पाणी सोडायची. तांब्या जितका उंच, तितकं पाणी जास्त सांडायचं. अर्धं तानाबाईच्या कोपरांवरून ओघळून मातीत जायचं. त्या घरातही पाणी वाया घालवायचं नसे. तेवढं मात्र चालत असे. पुढं याच जिल्ह्यात विहिरी सगळ्या जातींना उघडल्या, याच रस्त्यांवरून माणसं सेवाग्रामला चालत गेली. मी अल्लीपूरच्या शाळेत पहिल्याच वर्षी व्हरांड्यात एक रांजण ठेवला आणि त्यावर एकच ओगराळं टांगलं. दोन ओगराळी ठेवा म्हणून गावातली मोठी मंडळी हेडमास्तरांकडं येऊन गेली. मी म्हटलं, दुसरं ओगराळं ठेवायचं असेल तर दुसरा मास्तरही ठेवा. ओगराळं एकच राहिलं. मला वाटलं होतं, संपलं. आणि आज माझ्याच बैठकीत, माझ्याच माठातल्या पाण्यावर एका शिकलेल्या, सोन्याच्या अंगठीच्या माणसानं तळहात आडवा धरला. एवढ्या वर्षांत काय झालं? नवीन नाव शोधलं आपण. पूर्वी जात म्हणत होतो, आता किरणं म्हणतो.

"ते गेल्या साली रशियात झालं, भट्टी फुटली, पेपरात आलतं," भैय्याजी रूपरावांना म्हणाले. मुलगी समोर बसलेली, तरी प्रश्न रूपरावांना. "तसंच काम आहे का वो हे?"

रूपराव माझ्याकडं बघायला लागले. उत्तर प्रमिलानंच दिलं. शांतपणे, मी तिला शिकवलं होतं तसं, आधी साधं मग अवघड. "भट्टीचं नाही काकाजी. नदी येताना गाळ आणते. त्या गाळाला रेडियम चिकटलेलं असते, अगदी कणभर. गोडं पाणी खाऱ्या पाण्याले भेटलं की ते गाळ सोडते आणि पाण्यात उतरते. ते मोजलं की समजते, नदीचं पाणी समुद्रात किती दूरवर गेलं."

"पन मोजाले हात तर लागतेच ना त्याले," सुलोचनाबाई म्हणाल्या. "उद्या लेकरंबाळं झाली, त्याह्यले काही झालं तं?"

हे ऐकताना प्रमिलाच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. माझ्या मात्र कानशिलातून वाफ निघाली. हा प्रश्न दारूगोळ्याच्या कोठारातल्या मुलाला कोणी विचारला होता? तो रोज तोफांच्या गोळ्यांच्या राशींशेजारी बसून डबा उघडतो, आणि त्याच्या हातचं पाणी कोणी नाकारत नाही. उलट सरकारी नोकरी म्हणून हुंड्याचा आकडा वाढतो. आणि ही मुलगी ओहोटीच्या चिखलात गुडघाभर उभी राहून जगात आधीपासून जे आहे ते नुसतं मोजते, तर तिच्या पोटी अजून न जन्मलेल्या लेकरांची चौकशी. मी बोलायला लागलो. मला वाटलं, न समजल्यामुळं आहे हे. समजावून सांगितलं की जाईल. न शिकवता येण्यासारखा वर्ग मला कधी भेटला नव्हता.

मी सांगितलं की समुद्राच्या पाण्यात हे असतंच, त्याच्या मिठात असतं. नदीच्या पाण्यात कमी, विहिरीच्या पाण्यात खडकाप्रमाणं कमी-जास्त. तुरीच्या डाळीत असतं, केळ्यात असतं, आपल्या हाडामांसात असतं. ते नव्हतं असा दिवस पृथ्वीवर कधी उगवलाच नाही.

भैय्याजींनी तिपाईकडं बोट केलं. "म्हनजे याच्यातबी आहे?"

"आहे ना," मी उत्साहानं म्हणालो. वर्गात एखाद्या मठ्ठ मुलानं बरोबर प्रश्न विचारला की होतो तसा आनंद मला झाला. "नावापुरतं. तुमच्या अंगात याच्यापेक्षा कितीतरी जास्त आहे."

"राम राम राम," सुलोचनाबाई म्हणाल्या आणि आपली खुर्ची तिपाईपासून मागं घेतली.

तिथं मी थांबायला हवं होतं, पण त्या खुर्चीच्या आवाजानं माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, "भैय्याजी, तुमच्या गॅसबत्तीला जी जाळी बांधता, मेंटल, तिच्यात थोरियम असतं. या पोरीच्या खाडीत वर्षभरात सापडणार नाही तेवढं तुमच्या दुकानातल्या एका खोक्यात आहे. तुम्ही इतकी वर्षं हातानं बांधून राह्यले, काही झालं का तुम्हाले?" भैय्याजींनी आपल्या बोटांकडं पाहिलं. मग बोटं धोतराला पुसली, आधी हळू, मग जोरानं. पोहे आले ते कोणी खाल्ले नाहीत. निघताना फाटकापाशी ते रूपरावांना बाजूला घेऊन म्हणाले ते मला ऐकू आलं. माणसानं ऐकू नये असं बोलणं नेहमी नीट ऐकू येतं. "पोरगी गुनाची आहे, नाई म्हनत नाई आमी. पन ते नोकरी सोडाची. आन् सेवाग्रामले मोठ्या दवाखान्यात नेऊन एकदा सगळं तपासून कागद आनाचा. मंग पाहू. आन् त्या मास्तराले सांगजा, लग्नाच्या बोलाचालीत शाळा नको."

जाळी मला उगाच नव्हती आठवली. त्या जाळीवरून तर सगळं सुरू झालं होतं. प्रमिला नववीत असताना गावातल्या एका लग्नानंतर फुटकी गॅसबत्ती कोणी शाळेमागं टाकून दिली होती. मी तिची जाळी काढली. वर्ध्याच्या एका फोटोवाल्याकडून फिल्मचा उरलेला तुकडा मागून आणला, काळ्या कागदात गुंडाळला, त्याच्यावर जाळी ठेवून कपाटात बंद केला. मुलं रोज विचारायची, "सर, झालं का?" मी म्हणायचो, "थांबा, त्याला घाई नाही. ते कोट्यवधी वर्षं थांबलेलं आहे." मग एका दिवशी फोटोवाल्यानं फिल्म धुऊन दिली. अंधारात, बंद कागदात, विणलेल्या जाळीचं चित्र उमटलं होतं. एकेक धागा धूसर, पण तिथं. सगळा वर्ग टेबलाभोवती चढाओढ करत होता. प्रमिला एकटी मागं उभी होती. मी विचारलं, दिसलं का? ती म्हणाली, "दिसलं सर. पन दिवा तं विझलेला होता ना. मंग उजेड कोनी दिला?" मी तिला त्या दिवशी शाळा सुटल्यावर तासभर बसवून समजावलं. आणि त्याच्याही आधी, पाचवीत, आम्ही व्हरांड्यात नद्यांचा खेळ खेळत होतो. मी खडूनं जमिनीवर रेघा काढायचो. ही धाम, ही वेणा, ही वर्धा. मुलं तांब्यानं पाणी सोडायची आणि पाणी कुठं जातं ते ओरडून सांगायची. वर्धा प्राणहितेत, प्राणहिता गोदावरीत, गोदावरी व्हरांड्याच्या पायरीवरून खाली समुद्रात. ही तिथंच पायरीपाशी बसून राहायची. "सर, समुद्रात गेल्यावर आपलं पानी आपलंच राह्यते का?" मला उत्तर माहीत नव्हतं. मी तिला तसं सांगितलं. पंधरा वर्षांनी ती त्या पायरीच्या खाली जाऊन उभी राहिली आहे, आपलं पाणी कुठवर आपलं राहतं ते मोजते आहे, आणि तिला परत वर बोलवायला सेलूचा एक गॅसबत्तीवाला आणि पुलगावचा एक कारकून पुरेसा आहे.

ऊन कललं तेव्हा रूपराव आत आले. टोपी काढून त्यांनी गुडघ्यावर ठेवली. "सर, तुमी सांगा तिले. तुमचं ऐकते ते."

"काय सांगू?"

"सोड म्हना नोकरी. येथं शाळेत लागन ना कुठं. पोरीचं वय चालून राह्यलं, सर. तिच्या मायले, आनंदाबाईले, झोप नाई. गावात तं लोक अजून काय काय बोलून राह्यले, तुमाले काय सांगू. म्हनते, त्या पोरीचे केस झडून जातीन म्हने."

मला त्यांच्यावर ओरडायचं होतं. हाच माणूस, ज्यानं शेतातली विहीर आटली त्या वर्षी बैलगाडीनं टाकी आणून सगळ्या आळीला पाणी वाटलं, कोणाची जात न विचारता. मी ओरडलो नाही. म्हणालो, "मी सांगणार नाही, रूपराव. दुसरं काहीही सांगेन."

प्रमिला आतून आली होती. साध्या सुती साडीत ती पुन्हा वर्गातल्यासारखी दिसत होती. "बाबा," ती म्हणाली, "नोकरी मी सोडत नाई. आन् दवाखान्यात मले काहीच निघणार नाई. पण कागद आणाले गेली तर मी त्याह्यचा संशय कबूल केला असं होईन. मंग जन्मभर तो कागद दाखवत फिरा लागन. प्रत्येक गिलासामागं."

 रूपराव टोपीची घडी घालत राहिले, उघडत राहिले. माझा राग कुठं जाणार होता? तो स्वयंपाकघरात गेला. मंदा कणीक तिंबत होती. मी तिला म्हणालो, त्या लोकांचं सोड, ते अडाणी. पण तू? माझ्यासोबत इतकी वर्षं राहून तू? चांगलं पाणी नालीत? तुळस मरणार होती का त्यानं? तुला लाज कशी नाही वाटली, आत पोरगी साडी बदलत होती, तिला आवाज गेला असेल.

मंदानं कणकेतले हात वर केले. तिला राग आला की ती हळू बोलते. "तुमीच तर सांगून राह्यले होते ना, याच्यात आहे म्हणून. मी दाराआड उभी होती. सगळ्यायले सांगितलं तुमी, डाळीत आहे, हाडात आहे, पाण्यात आहे. मले काय समजते त्यातलं? मी घाबरली. आन् दुसऱ्याले कायले बोलता? ताट परत आलं तेव्हा सगळे गिलास भरलेले होते. सगळे. पाहुण्याचे तर होतेच. रूपरावभाऊचाबी होता. आन् तुमचाबी होता. तुमी तरी कुठं पेले?"

 मी पेला उचलल्याचं आठवून पाहिलं. तिपाई आठवली, ओमप्रकाशच्या बोटांचे ठसे आठवले, माझा हात आठवला, बोलताना हवेत फिरणारा. तो पेल्यापर्यंत गेल्याचं काही केल्या आठवेना. घसा कोरडा पडला होता, ते आठवलं. बोलता बोलता आवाज चिरकला होता आणि मी खाकरून पुढं बोलत राहिलो होतो. माझ्या शेजारी, हाताच्या अंतरावर, प्रमिलानं आणलेला पेला घामेजून उभा होता आणि मी त्याच्याविषयी व्याख्यान देत होतो.

प्रमिला दारात हसली. खरंच हसली. "काकू, सर वर्गात बी कधी पाणी पेत नव्हते. तास संपला की घसा बसलेला राहे. आमी त्याच्यावर पैज लावत होतो." तिनं मला सोडवण्यासाठी ते म्हटलं हे मला समजलं, आणि त्यानं मला जास्तच राग आला. कोणावर, ते सांगता येत नव्हतं. त्या रात्री मी जेवताना पाणी प्यालो, तिच्यासमोर, दोन पेले. कोणी माझ्याकडं पाहिलं नाही. उशीर झाल्यावर प्यालेलं पाणी कोणी बघत नाही.

सकाळी दक्षिणेकडची गाडी होती. मंदानं पुऱ्या आणि कैरीचं लोणचं बांधून दिलं आणि प्रमिलाची छागल माठातल्या पाण्यानं भरली. छागल म्हणजे जाड कॅनव्हासची पिशवी. खिडकीबाहेर टांगली की वाऱ्यानं पाणी गार होतं. छागल रूपरावांनी खांद्याला अडकवली. स्टेशनपर्यंत ते आमच्या पुढं चालत होते. ओल्या छागलेतून त्यांच्या सदऱ्याच्या पाठीवर पाणी झिरपत होतं. फलाटावर अल्लीपूरकडचे दोघं-तिघं ओळखीचे भेटले. एकानं विचारलं, "काऊन रूपरावभाऊ, पोरगी परत चालली वाटते? जमलं नाई का सेलूचं?" रूपराव म्हणाले, "गाडी येऊन राह्यली." गाडी खरंच येत होती.

प्रमिला चढली, खिडकीपाशी बसली आणि छागलेसाठी हात बाहेर काढला. रूपरावांनी छागल खांद्यावरून उतरवली, पण दिली नाही. त्यांनी बूच काढलं. मान मागं टाकली, छागल दोन्ही हातांनी वर धरली आणि घटाघटा पाणी पिऊ लागले. गळ्याची घाटी वर-खाली होत होती, मिशांवरून पाणी गळत होतं. तो ओळखीचा माणूस बघत होता, चहावाला बघत होता. रूपरावांनी उपरण्यानं तोंड पुसलं. "थंडं आहे," ते म्हणाले. मग पोरीकडं न बघता म्हणाले, "दिवाळीले येजो. रजा नाई भेटली तर तुही माय आन् मी येऊन जाऊ तिकडं. समुद्र पाह्यला नाई आमी." आणि छागल खिडकीकडं जायच्या आधी माझ्यासमोर आली.

"घ्या सर. तुमचं काल राह्यलं."

मी घेतली. छागल जड होती, कॅनव्हासला वाळ्याचा आणि जुन्या ओलीचा वास होता. मला वरून पाणी प्यायची सवय उरली नाही. पहिली धार हनुवटीवर पडली, दुसरी सदऱ्यावर. मी थांबलो नाही. गार्डानं शिट्टी दिली तरी थांबलो नाही. गाडीनं हलका हिसका घेतला, आणि खिडकीतून हात लांब करत प्रमिला ओरडली, "सर, पुरे झालं! बल्लारशापर्यंत पुरलं पाह्यजे ना मले!"